रिपोर्ट नॉर्मल आला, तरी तिचं दुखणं खरंच आहे

अगं, ईसीजी नॉर्मल, टूडी एको नॉर्मल, छातीचा एक्स-रे नॉर्मल, आणि तरीही लेक म्हणतेच आहे, "आई, श्वास पुरत नाही, छातीत टोचतंय." घरातलं कुणी म्हणतं गॅस असेल, कुणी म्हणतं दहावीचा ताण, तर कुणी सरळ नाटकं म्हणून मोकळं होतं. तू मात्र रात्री उठून तिचा श्वास चाललाय ना, हे बघत बसतेस. म्हणून आज जरा निवांत बोलूया. औषध डॉक्टरच देतील, पण त्यांच्यापुढे काय मांडायचं हे बरंचसं तुझ्या आणि तिच्या हातात आहे.

एक गोष्ट आधी मनात पक्की धर. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ एवढाच, की त्या तपासणीत जे आजार सापडले असते ते त्या वेळी सापडले नाहीत. दुखणं खोटं आहे असं कुठलाही रिपोर्ट सांगत नाही. या वयाच्या मुलांच्या बाबतीत निदानाचा धागा बहुतेक वेळा त्यांच्या सांगण्यातच असतो: केव्हा होतं, काय करताना होतं, नेमकं कुठे होतं, किती वेळ टिकतं. तो धागा हाती यायच्या आधीच आपण "काही नाही झालं तुला" म्हटलं, की मूल सांगणंच बंद करतं.

पण शोध घेत बसायची वेळ कोणती आणि धावायची वेळ कोणती, हे आधी ठरवून घेऊ. पळताना, खेळताना, जिना चढताना छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन ती पडली, तर थांबायचं नाही. एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर दिसतात, खोकल्यातून रक्त येतं, काहीच न करता हृदय एकदम सुसाट धावतं आणि घेरी येते, एक पाय सुजून दुखतोय आणि त्यातच दम लागतोय, यातलं काहीही दिसलं तर थेट तातडीच्या विभागात जायचं. उंच, शिडशिडीत मुलाच्या छातीत एका बाजूला अचानक कळ येऊन दम लागला, तर फुप्फुसाभोवती हवा साठलेली असू शकते; तेही लगेच दाखवायचं. नुकताच ताप किंवा सर्दी होऊन गेली आणि त्यानंतर छातीत दुखतंय, थोड्या कामानेही गळून जायला होतंय, तर हृदयाच्या स्नायूला सूज आली असण्याची शक्यता डॉक्टरांना तपासावी लागते. त्यासाठी ईसीजीसोबत ट्रोपोनिन नावाची रक्ततपासणी करतात. आणि आपल्या किंवा सासरच्या घरात पन्नाशीच्या आत कुणी अचानक गेलं असेल, तर ती गोष्ट लपवू नकोस. डॉक्टरांना आधी तीच सांग.

कामोठ्यात राहतेस हे एका अर्थी बरं आहे. एमजीएमचं मोठं रुग्णालय आपल्या नोडमध्येच आहे, पनवेलला सरकारी उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका मोफत येते. श्वास लागलेल्या मुलीला स्कूटीवर मागे बसवून सायन-पनवेल रस्त्याच्या गर्दीतून नेऊ नकोस. वाटेत घेरी आली तर तुला तिला सावरता यायचं नाही.

आता हृदयाबद्दल, कारण तुझ्या मनात खरी भीती तीच आहे. मुलांच्या छातीच्या दुखण्यात हृदय हे कारण शंभरातल्या पाचांपेक्षाही कमी जणांमध्ये निघतं. मोठ्या माणसाच्या छातीत दुखलं की आधी हृदय आठवतं, ते बरोबरच आहे. पंधरा वर्षांच्या मुलीत हिशोब वेगळा असतो. तरी एक लक्षात ठेव, साधा ईसीजी म्हणजे ती आडवी पडलेली असतानाच्या काही सेकंदांची नोंद. धडधड आठवड्यातून एकदाच होत असेल, तर ती त्या काही सेकंदांत सापडायची नाही. अशा वेळी दिवसभर किंवा त्याहून जास्त काळ अंगावर लावायचं होल्टर मशीन लागतं. दुखणं फक्त धावतानाच होत असेल, तर ते स्पष्ट सांग, म्हणजे धावताना करायच्या तपासणीचा विचार होतो. लहानपणी घसा वारंवार सुजायचा, ताप येऊन सांधे एकामागून एक दुखायचे, असं काही झालं असेल तर तेही सांग. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा खराब होण्याचे प्रकार आपल्याकडे अजून दिसतात. आणि हृदयात खरंच काही निघालंच, तर खारघरचं श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय मुलांच्या हृदयाचे उपचार पैसे न घेता करतं. खर्चाच्या धास्तीने तपासणी पुढे ढकलू नकोस.

हृदय बाजूला झालं, की खरा शोध सुरू होतो. एक वही कर. मोबाईलमध्ये लिहिलंस तरी चालेल, पण लिही. दुखणं सुरू झालं ती वेळ, त्याआधी ती काय करत होती, काय खाल्लं होतं, कुठे होती, किती वेळ टिकलं, कशाने थांबलं. पाळी, ताप, खोकला, झोप, परीक्षा हेही त्यात येऊ दे. आणि तिला म्हण, "जिथे दुखतं तिथे बोट ठेव." एका बोटाने दाखवता येणारं दुखणं आणि तळहात छातीवर पसरून दाखवलं जाणारं दुखणं, यात फरक असतो.

एका बोटाने दाखवता येतं आणि तिथेच हळूच दाबलं की "आई गं" होतं, तर बरगडी आणि छातीच्या मधल्या हाडाचा सांधा सुजलेला असू शकतो. डॉक्टर त्याला कॉस्टोकॉन्ड्रायटिस म्हणतात. जड दप्तर एकाच खांद्यावर, खूप दिवसांचा खोकला, नव्याने सुरू केलेला व्यायाम, अशी कारणं त्यामागे असतात. ते बरं होतं, थोडा वेळ घेतं. दुसरा एक प्रकार आहे, तो तर अगदी शाळकरी वयाचाच: निवांत बसलेली असताना डावीकडे एकदम सुईसारखी टोच येते, श्वास आत घेतला की वाढते, म्हणून मूल अर्ध्या श्वासावर थांबतं आणि अर्ध्या मिनिटात, फार तर दोन-तीन मिनिटांत सगळं आपोआप जातं. याला प्रीकॉर्डियल कॅच म्हणतात. यात धोका काही नसतो, पण पोरगी मात्र घाबरून जाते, कारण श्वासच अडकल्यासारखा वाटतो. तिला हे नाव आणि हे कारण कळलं, की अर्धी भीती तिथेच जाते.

जेवणानंतर किंवा आडवं पडल्यावर जळजळ वर येत असेल, तर आम्लपित्ताचं बघायचं. आणि एक प्रश्न आवर्जून विचार: चेहऱ्यावरच्या पुळ्यांसाठी तिला कुणी डॉक्सिसायक्लिनची गोळी दिली आहे का? मुलं ती रात्री घोटभर पाण्याने गिळतात आणि लगेच झोपतात. गोळी अन्ननलिकेत अडकते, तिथे जखम होते आणि दुसऱ्या दिवशी गिळताना छातीत मरणाचं दुखतं. भरपूर पाण्याने गोळी घ्यायची आणि नंतर अर्धा तास तरी बसून राहायचं, एवढ्याने हे टळतं.

आता दम लागण्याकडे येऊ. इथे आपल्याकडचं मोठं दुखणं म्हणजे 'दमा' या शब्दाची भीती. मुलीला दमा म्हटलं की उद्या लग्नाचं कसं, इथपर्यंत घरातली माणसं पोचतात, आणि डॉक्टरांनी पंप लिहून दिला तर तो कपाटात जातो. अगं, पंपाची सवय लागत नाही. औषध थेट श्वासनलिकेत जातं म्हणून ते कमी प्रमाणात पुरतं. दम्याची खूण ही, की त्रास पहाटे किंवा रात्री वाढतो, हसताना खोकला येतो, थंडीत किंवा धुळीत छाती घट्ट होते, आणि पळाल्यावर त्रास बहुधा थांबल्यानंतरच्या पाच-दहा मिनिटांत जास्त जाणवतो. शिट्टीसारखा आवाज प्रत्येकाला येतोच असं नाही. काही मुलांना नुसता कोरडा खोकला असतो. फुंकायची जी तपासणी असते, स्पायरोमेट्री, ती त्रास नसताना नॉर्मल येऊ शकते. सायन-पनवेल रस्ता भरदुपारी मोकळा दिसला म्हणून संध्याकाळी तिथे कोंडी होत नाही, असं कुणी म्हणत नाही. तशीच ही एका वेळची फुंकर. म्हणून पंपाचं औषध देऊन पुन्हा फुंकायला लावतात, किंवा धावायला लावून तपासतात. तसं केलं आहे का, हे विचार. पल्स ऑक्सिमीटरवर ९८ आलं म्हणूनही दमा नाही असं ठरत नाही, आणि नेलपॉलिश लावलेल्या बोटावर ते मशीन चुकीचा आकडाही दाखवू शकतं.

दमा ठरलाच, तर आणखी एक सांगते. २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना सांगतात, की १२ वर्षांवरच्या रुग्णाने नुसता तात्पुरता आराम देणारा पंप घेत राहू नये. आतली सूज कमी करणारं औषधही त्याच्या जोडीला हवं. तिला कोणता पंप दिला आहे आणि तो काय काम करतो, हे डॉक्टरांकडून समजून घे. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची नळी, लावून तो कसा ओढायचा हे त्यांच्यासमोरच करून बघा. औषध घशातच राहिलं तर आत काय पोचणार?

पंप नीट घेऊनही फरक पडत नसेल, तर निदानच दुसरं असू शकतं. काही मुलींमध्ये, विशेषतः अभ्यासात किंवा खेळात पुढे असणाऱ्या, धावताना घशातले स्वरतंतू उघडण्याऐवजी मिटतात. तेव्हा मूल घशाकडे हात नेतं, श्वास आत घेताना आवाज येतो, आणि थांबल्यावर काही मिनिटांत ते सावरतं. वर्षानुवर्षं दम्याची औषधं खाऊनही ही मुलं बरी होत नाहीत. त्यांना श्वासाचे विशेष व्यायाम शिकवणारे तज्ज्ञ लागतात. म्हणून त्रास सुरू असताना मोबाईलवर थोडा व्हिडिओ काढून ठेव, तिला सांगून. डॉक्टरांना त्या आवाजावरूनच पुष्कळ कळतं.

आता आपल्या हवेचं. कामोठ्याच्या आसपास तळोज्याची एमआयडीसी आहे, कळंबोलीचा स्टील मार्केटचा परिसर आहे, जेएनपीटीच्या कंटेनरचे ट्रक आहेत, सगळीकडे बांधकामं चालू आहेत. ही हवा आपल्या एकट्याने बदलायची नाही, पण घरातल्या हवेवर आपला ताबा आहे. खाडी जवळ म्हणून डास, आणि डास म्हणून बंद खोलीत कॉइल. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की एक कॉइल पूर्ण जळल्यावर जेवढे सूक्ष्म कण हवेत जातात ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके असतात. लेक ज्या खोलीत झोपते तिथे मच्छरदाणी लाव, खिडक्यांना जाळी लाव, पण कॉइल आणि धूप-उदबत्ती तिथे नको.

आणि कबुतरं. सोसायटीच्या डक्टमध्ये, एसीच्या मागे, बाल्कनीच्या कोपऱ्यात त्यांची घाण वाळते आणि तिची धूळ हवेत मिसळते. काहींच्या फुप्फुसांना त्या धुळीची ॲलर्जी होऊन सूज येते. २०२४ साली दिल्लीच्या सर गंगाराम रुग्णालयात ११ वर्षांचा एक मुलगा साध्या खोकल्यासारखा त्रास घेऊन आला होता. दम वाढत गेला, आणि शेवटी तपासण्यांमधून हेच निदान निघालं: कबुतरांच्या संपर्काने फुप्फुसाला आलेली सूज. स्टिरॉइड आणि प्राणवायूच्या उपचारांनी तो सावरला. आपल्या मुंबईत २०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, त्यामागेही हाच आरोग्याचा प्रश्न होता. साध्या एक्स-रेमध्ये फुप्फुसाची ही सूज सुरुवातीला दिसेलच असं नाही. म्हणून डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांग: आमच्या खिडकीत कबुतरं आहेत, घरी पक्षी पाळलाय, भिंतीला ओल आहे, कुणी सिगारेट ओढतं. आणि तिला नवी मुंबईबाहेर, मामाच्या गावी नेल्यावर त्रास कमी होतो का, हेही वहीत लिहून ठेव. जागा बदलल्यावर आजार कमी होत असेल, तर तो मोठा पुरावा असतो.

एक कारण इतकं साधं असतं की त्याच्याकडे लक्षच जात नाही: रक्त कमी असणं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ च्या आकडेवारीनुसार, देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या निम्म्याहून जास्त मुलींना ॲनिमिया आहे. पाळीत जास्त अंगावर जात असेल, डबा अर्धा परत येत असेल, तर मानसरोवर स्टेशनचे जिने चढताना धाप लागणारच. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड या तपासण्या स्वस्त आहेत; त्या झाल्या नसतील तर आधी त्या कर. आणि बारीक ताप, विशेषतः संध्याकाळचा, कोरडा खोकला, वजन उतरणं, खोल श्वास घेताना एका बाजूला कळ, असं असेल तर क्षयाने फुप्फुसाभोवती पाणी झालेलं नाही ना, हे बघायला हवं. आपल्याकडे तरुण मुलांमध्ये ते नवीन नाही. लाज धरू नकोस. सरकारी केंद्रात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत, आणि नियमाने औषध घेतलं की क्षय पूर्ण बरा होतो.

आता मनाकडे वळू. मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण बाकी सगळं बघून झाल्याशिवाय "टेन्शन आहे" म्हणणं हा अन्याय आहे. पण मनामुळे होतं ते दुखणंही खरंच दुखतं. भीती वाटली की श्वास भराभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली जातो, आणि त्यामुळे बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, हात आखडतात, डोकं हलकं होतं, छाती आवळते. मग वाटतं, मी मरणार. पुन्हा भीती, पुन्हा भराभर श्वास. यात नाटक कुठेच नाही, शरीरच तसं वागतं. अशा वेळी तोंडावर कागदी पिशवी धरायला देऊ नकोस. त्रास खरंच दम्याचा किंवा हृदयाचा असेल तर ते घातक ठरतं. आधी वर सांगितलेल्या धोक्याच्या खुणा नाहीत ना ते बघ. मग तिच्यासमोर बस, हात धर, "आपण दोघी हळू श्वास सोडू" म्हण, आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ दे. असे झटके वारंवार येत असतील तर समुपदेशक किंवा मानसोपचार तज्ज्ञ गाठ. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं.

तिला जे तुझ्यासमोर सांगता येत नाही, ते सांगायला जागा दे. शाळेत कुणी त्रास देतंय का, क्लासमध्ये काही झालंय का, मैत्रिणींच्या नादाने वेप ओढून बघितलं का. २०१९ मध्ये ई-सिगारेटवर कायद्याने बंदी आली तरी त्या मुलांच्या हाती पोचतात, आणि फुप्फुसाला इजा करतात. डॉक्टरांना तूच सांग, "पाच मिनिटं हिच्याशी एकटीशी बोला, मी बाहेर थांबते." आणि घरी आल्यावर आत काय बोलणं झालं ते तिच्याकडून काढून घेऊ नकोस.

डॉक्टर किती बदलायचे? आधी एक चांगला बालरोगतज्ज्ञ धर. १८ वर्षांपर्यंतची मुलं त्यांच्याच कक्षेत येतात. ते ठरवतील पुढे छातीचा, हृदयाचा की पोटाचा तज्ज्ञ हवा. दर आठवड्याला नवीन दवाखाना आणि नवीन तपासण्या केल्या तर कुणाकडेच पूर्ण चित्र राहत नाही. शेजारणीने सांगितलं म्हणून सीटी स्कॅन करू नकोस. त्यात किरणांचा मारा असतो, कारण असेल तरच तो करायचा. सगळे कागद तारखेप्रमाणे एका फायलीत लाव. समाधान झालं नाही तर दुसरं मत जरूर घे, पण तीच फाईल आणि तीच वही घेऊन. निदान व्हायला कधीकधी दोन-तीन भेटी लागतात. "आम्हाला अजून कारण सापडलेलं नाही, पण ही ही कारणं बाद झाली आहेत, पुन्हा अमुक दिवसांनी भेटू," असं म्हणणारा डॉक्टर प्रामाणिक असतो, त्याला सोडू नकोस.

शाळेतही जाऊन ये. वर्गशिक्षिकेला आणि पीटीच्या सरांना सांग, की हिला त्रास होतो तेव्हा बसू द्यावं, पंप दप्तरात नाही तर हाताशी असावा, आणि मुलांसमोर तिला कुणी हिणवू नये. निदान होईपर्यंत धावायचं की नाही, ते डॉक्टरांकडून लिहून घे. पण भीतीपोटी तिचं खेळणं, बाहेर जाणं कायमचं बंद करू नकोस. शरीर बसून राहिलं की दम आणखी लवकर लागतो.

आणि घरातल्यांना एकदाच, शांतपणे, तिच्या समोर सांग: "हिला त्रास होतोय, आम्ही कारण शोधतोय, तोपर्यंत हिला कुणी नाटकी म्हणायचं नाही." सासूबाईंना वाईट वाटेल असं वाटत असेल तर तिच्या बाबांना बोलायला सांग. पण हे बोलणं झालंच पाहिजे. आई आपल्या बाजूला आहे ही खात्री असली, की मूल खरं खरं सांगतं, आणि त्या सांगण्यावरच डॉक्टरांचं अर्धं काम होतं.

सोमवारी ओपीडीला जाशील तेव्हा आधी तिलाच बोलू दे. तिचं संपल्यावर तू वही पुढे कर, आणि निघताना एवढं विचार: "आज कोणकोणती कारणं बाद झाली, आता काय बघायचं राहिलं, आणि त्रास वाढला तर मी कुठे आणि केव्हा यायचं?" या तिन्हीची उत्तरं लिहून घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नकोस.